दिग्दर्शक थोर कशाने ठरतो? – कुरोसावा यांच्या 'इकिरु' चित्रपटाचा अभ्यास

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला "कसा होता?" असे विचारले तर तो बहुधा नटनट्यांची नावे घेतो, गाण्यांविषयी बोलतो, फार तर कथा सांगतो. दिग्दर्शकाचे नाव त्याला आठवतेच असे नाही. वास्तविक पडद्यावर जे दिसते आणि जे ऐकू येते त्यातील प्रत्येक गोष्टीचा अखेरचा निर्णय दिग्दर्शकाचा असतो. कॅमेरा कोठे ठेवायचा, प्रसंग कोठे तोडायचा, नटाने केव्हा गप्प राहायचे आणि प्रेक्षकाला काय मुळीच दाखवायचे नाही, हे तोच ठरवतो. मग थोर दिग्दर्शक कोणाला म्हणावे? पारितोषिकांच्या याद्यांवरून हे ठरत नाही. धंद्याच्या आकड्यांवरून तर नाहीच नाही. विद्यार्थी मित्रांना माझी विनंती अशी की, शंभर चित्रपटांची नावे पाठ करण्यापेक्षा एकच चित्रपट घ्यावा आणि तो धान्य निवडावे तसा निवडून पाहावा. प्रस्तुत लेखात आपण तसेच करणार आहोत.

यासाठी मी अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा १९५२ सालचा 'इकिरु' हा चित्रपट निवडला आहे. 'इकिरु' या शब्दाचा अर्थ 'जगणे' असा आहे. कुरोसावा यांचे 'राशोमोन' (१९५०) आणि 'सेव्हन सामुराई' (१९५४) हे चित्रपट अधिक गाजलेले आहेत, हे खरे. पण 'इकिरु'चा नायक तलवारबहाद्दर नाही. तो महानगरपालिकेच्या नागरिक विभागाचा प्रमुख आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांचे आयुष्य महापालिकेत, रेल्वेत, पोस्टात, बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत गेले आहे. फाईल म्हणजे काय, शेरा म्हणजे काय आणि "पलीकडच्या टेबलावर जा" म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दिग्दर्शकाची घडण

कुरोसावा यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी टोकियोत झाला. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये टोकियो परिसरात महाभयंकर भूकंप झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. त्यांच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. थोरला भाऊ हेइगो त्यांना उद्ध्वस्त झालेले शहर पाहावयास घेऊन गेला. जिकडे तिकडे प्रेते पडली होती. धाकट्याने नजर वळवली की थोरला रागावून पुन्हा तिकडेच पाहावयास लावी. त्या रात्री आपल्याला भीतीने झोप लागणार नाही असे धाकट्याला वाटत होते, परंतु गाढ झोप लागली. भावाने त्याला कारण सांगितले ते असे की, भयंकर गोष्टीपुढे डोळे मिटले तर भीती राहते; डोळे उघडे ठेवून पाहिले तर भ्यावे असे काही उरत नाही. हा भाऊ पुढे मूकपटांचे निवेदन करू लागला. बोलपट आल्यावर मूकपटाच्या निवेदकांचा धंदाच बुडाला आणि १९३३ साली त्याने आत्महत्या केली.

१९३६ साली कुरोसावा एका चित्रपटसंस्थेत सहाय्यक म्हणून लागले. ही संस्था पुढे 'तोहो' कंपनीत सामील झाली. तेथे काजिरो यामामोतो हे दिग्दर्शक त्यांना गुरू म्हणून लाभले. दिग्दर्शक व्हायचे असेल तर आधी पटकथा लिहायला शिक, हा यामामोतो यांचा आग्रह होता. कुरोसावा यांनी तो इतका मनावर घेतला की दिवसभर चित्रीकरणात राबून ते रात्री लिहीत बसत. संकलनही ते याच काळात शिकले आणि पुढे स्वतःचे चित्रपट स्वतःच संकलित करीत राहिले. १९४३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला. म्हणजे उमेदवारीची सात वर्षे झाली. आजच्या उतावळ्या तरुणांनी हा आकडा ध्यानात ठेवावा!

कथा साधी, मांडणी अवघड

'इकिरु'ची कथा चार ओळींत सांगता येते. कांजी वातानाबे नावाचा विधुर कारकुनी अधिकारी जवळजवळ तीस वर्षे एकही रजा न घेता कचेरीत शिक्के मारीत बसला आहे. त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. उरलेले काही महिने कसे जगावे हे त्याला कळत नाही. अखेर एका गरीब वस्तीतील सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी लहान मुलांसाठी बाग करण्याचे काम तो हाती घेतो, ते तडीस नेतो आणि मरतो.

ही कथा एखाद्या सामान्य दिग्दर्शकाच्या हाती पडली असती तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. मध्यंतरापूर्वी डॉक्टर गंभीर चेहऱ्याने बातमी सांगतो, वीज कडाडते; मध्यंतरानंतर नायक भाषणे करतो; शेवटी बागेचे उद्घाटन, टाळ्या, आणि टाळ्यांतच नायकाचा प्राण जातो.

कुरोसावा यांनी काय केले ते पाहा. चित्रपटाची पहिलीच चौकट म्हणजे पोटाचा एक्स-रे. निवेदक कोरड्या आवाजात सांगतो की हे आपल्या नायकाचे पोट आहे, त्याला कर्करोग आहे आणि त्याला ते अजून ठाऊक नाही. म्हणजे ज्या रहस्यावर दुसऱ्याने अर्धा चित्रपट ओढला असता ते यांनी पहिल्या मिनिटालाच फोडून टाकले. मग कॅमेरा कागदांच्या ढिगाऱ्यांमागे बसलेल्या वातानाबेकडे जातो. निवेदक म्हणतो की या माणसाविषयी सांगण्याजोगे आज काही नाही, कारण तो वीसेक वर्षांपूर्वीच मेल्यात जमा झाला आहे. वातानाबेला शिक्का पुसायला कागद हवा असतो. तो खणातून एक जुनी चोपडी काढतो आणि तिचे पान फाडतो. ती चोपडी म्हणजे विभागाची कार्यक्षमता कशी वाढवावी याविषयी त्याने स्वतःच तरुणपणी लिहिलेला प्रस्ताव! पात्र तोंडाने काही बोलत नाही, निवेदकही त्यावर भाष्य करीत नाही. प्रेक्षकाची नजर तिकडे गेली तर गेली. एका माणसाचा तीस वर्षांचा ऱ्हास असा एका फाटलेल्या पानात सांगणे, याला दिग्दर्शन म्हणतात.

त्याच वेळी काही बायका अर्ज घेऊन आल्या आहेत. वस्तीतील डबक्याने मुले आजारी पडतात, ते बुजवा आणि तेथे खेळायला जागा करा, एवढेच त्यांचे मागणे. नागरिक विभाग त्यांना बांधकाम विभागाकडे पाठवतो, बांधकाम उद्यान विभागाकडे, उद्यान आरोग्याकडे, आरोग्य स्वच्छतेकडे. मग कीटकनिवारण, रस्ते, अग्निशमन, शिक्षण, नगरसेवक, उपमहापौर, आणि शेवटी पुन्हा नागरिक विभागाची तीच खिडकी. प्रत्येक अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवून एकेकच वाक्य दिले आहे. एक चित्र पुसले जाऊन दुसरे सरकत येते. या युक्तीला 'वाइप' म्हणतात. दोन-तीन मिनिटांचाच हा भाग; पाहताना हसू येते आणि हसता हसता तोंड कडू होते. यातील एकही अधिकारी दुष्ट नाही, ही त्यातील खरी खोच होय. सगळे नम्र आहेत, सगळ्यांचे नियम बरोबर आहेत. ज्यांनी कधी दाखल्यासाठी, पाण्याच्या नळासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या रकमेसाठी खेटे घातले आहेत त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. आणि खिडकीच्या आतल्या बाजूस ज्यांनी नोकरी केली आहे त्यांनाही तो अधिकारी परका वाटू नये.

शांतता कशी ऐकवावी

रोगाची बातमी नायकाला डॉक्टर सांगत नाही. त्या काळी जपानमध्ये रोग्याला कर्करोगाचे नाव न सांगण्याची रीत होती. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला एक वाचाळ रोगी वातानाबेला ऐकवतो की, डॉक्टर "साधा व्रण आहे, हवे ते खा" असे म्हणाले की समजावे, खेळ संपला. आत गेल्यावर डॉक्टर नेमके तेच बोलतात. आपण प्रेक्षक, वातानाबे आणि डॉक्टर, तिघांनाही सत्य ठाऊक आहे, आणि तोंडाने मात्र तिसरेच चालले आहे.

तेथून तो रस्त्यावर येतो तेव्हा पडद्यावर गर्दी आहे, वाहने आहेत, पण आवाज नाही. संपूर्ण निःशब्द. तो चालत राहतो. एकाएकी ट्रकचा प्रचंड आवाज कानांवर आदळतो. तो वाहनाखाली येता येता वाचलेला असतो. आवाज काढून घेतल्यामुळे आपण त्याच्या डोक्यात शिरलो होतो, हे आपल्याला आवाज परत आल्यावरच कळते. आपल्या वाचकांनी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) पाहिलाच असेल. त्याच्या शेवटी लहान मूल रक्तात भरलेली पावले उमटवीत बाहेर येते तेव्हा पार्श्वसंगीत नाही, आवाजच नाही. चित्रपटगृहात त्या क्षणी किती शांतता पसरत असे हे ज्यांनी अनुभवले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मंजुळे यांनी ही गोष्ट कुरोसावांकडून घेतली असे मला म्हणायचे नाही. सांगायचे इतकेच की, वाजवायचे केव्हा यापेक्षा थांबवायचे केव्हा हे ज्याला कळते तो दिग्दर्शक वरच्या पायरीवर असतो.

नटाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. वातानाबेचे काम ताकाशी शिमुरा यांनी केले आहे. हेच शिमुरा दोन वर्षांनी 'सेव्हन सामुराई'मध्ये सामुराईंचे शांत, धीट म्होरके झाले. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. 'इकिरु'त त्यांची पाठ वाकलेली आहे, आवाज घशातून निघता निघत नाही, वाक्ये अर्धीच राहतात. दारूच्या अड्ड्यावर ते १९१५ सालचे एक जुने गाणे पुटपुटल्यासारखे म्हणतात. आयुष्य थोडे आहे असा त्याचा आशय आहे. नाचणारी जोडपी थबकतात, बाजूला होतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबतो, आणि डोळ्यांतले पाणी गालांवर उतरेपर्यंत हलत नाही.

मात्र माझे मत सांगायचे तर, या रात्रीच्या भटकंतीचा भाग लांबला आहे. एका लेखकाबरोबर वातानाबे मद्यालयातून नाचघरात आणि नाचघरातून आणखी कोठे हिंडतो. चैनीत जगणे सापडत नाही हा मुद्दा पहिल्या दोन ठिकाणीच पटलेला असतो. थोर दिग्दर्शकाची कृती म्हणून तिच्यातील प्रत्येक गोष्ट वंद्य मानण्याचे कारण नाही.

ससा आणि जिना

तोयो नावाची एक तरुण मुलगी त्याच्याच कचेरीत असते. नोकरी सोडायची म्हणून तिला त्याचा शिक्का हवा असतो. ती हसरी, खाण्याची आवड असलेली, मोजे फाटलेली. तिने कचेरीतील प्रत्येकाला टोपणनाव ठेवले आहे आणि वातानाबेचे टोपणनाव आहे 'ममी', म्हणजे मसाले भरून जपलेले प्रेत. तो तिच्याकडे ओढला जातो. लोक त्याचा अर्थ वाकडा घेतात, खुद्द मुलगाही घेतो. परंतु त्याला तिच्याकडून एकच जाणून घ्यायचे असते : तू इतकी जिवंत कशी? तिला स्वतःला ते ठाऊक नसते. ती आता खेळण्यांच्या कारखान्यात काम करते. चावी दिली की टुणटुण उड्या मारणारा एक ससा ती टेबलावर ठेवते आणि सांगते की, हे तयार करताना जपानमधल्या सगळ्या बाळांशी आपण खेळतो आहोत असे वाटते.

वातानाबे बराच वेळ खाली मान घालून बसतो. मग "अजून उशीर झालेला नाही" असे काहीसे त्याच्या तोंडून निघते आणि तो ससा घेऊन जिना उतरू लागतो. पलीकडच्या बाजूस काही तरुण मुले मैत्रिणीचा वाढदिवस साजरा करीत आहेत. ती मैत्रीण जिना चढून वर येत असते आणि ती सर्व मुले वाढदिवसाचे गाणे सुरू करतात. गाणे तिच्यासाठी आहे, पण चित्रात ते खाली उतरणाऱ्या म्हाताऱ्यासाठी वाजते. हा त्याचा नवा जन्म आहे, असे एकही पात्र सांगत नाही. हाशिमोतो, ओगुनी आणि स्वतः कुरोसावा या तिघांनी मिळून ही पटकथा लिहिली होती. उत्तम दिग्दर्शक एकट्याने सर्व करतो हा समज चुकीचा आहे. चांगली माणसे जवळ बाळगणे आणि त्यांचे चांगले ते उचलणे हाही त्याच्या कामाचा भाग आहे.

नायक मध्येच मरतो

वातानाबे कचेरीत परततो, बायकांचा तो अर्ज ढिगाऱ्यातून काढतो आणि पावसात पाहणीसाठी निघतो. येथे कोणत्याही प्रेक्षकाला वाटते की आता झगडा सुरू होणार. आणि नेमके येथेच निवेदक सांगतो की पाच महिन्यांनंतर आपला नायक मरण पावला.

चित्रपट एकूण १४३ मिनिटांचा आहे. उरलेली जवळजवळ पन्नास मिनिटे मृताच्या घरी जमलेल्या मंडळींच्या बैठकीत जातात. जपानमध्ये अंत्यविधी बहुधा बौद्ध पद्धतीने होतात. वेदीवर वातानाबेचे छायाचित्र आहे, धूप जळतो आहे, आणि समोर सर्व विभागांचे अधिकारी ओळीने मांडी घालून बसले आहेत. बाग तयार झाली आहे. श्रेय कोणाचे, यावर चर्चा चालू आहे. उपमहापौर स्वतःकडे आणि उद्यान विभागाकडे श्रेय घेतो, सगळे माना डोलावतात. एवढ्यात वस्तीतल्या बायका येतात. त्या बोलत नाहीत. छायाचित्रासमोर धूप वाहतात आणि रडतात. उपमहापौराला तेथे बसवत नाही, तो काढता पाय घेतो. मग दारू चढू लागते आणि एकेकाला एकेक गोष्ट आठवते. वातानाबे एका विभागप्रमुखासमोर किती वेळ मान खाली घालून उभा राहिला. गुंडांनी धमकावले तेव्हा त्यांच्याकडे कसा पाहत राहिला. अपमानाचा राग येत नाही का असे विचारता, कोणावर रागावण्यास आपल्यापाशी वेळ नाही असे कसे म्हणाला.

आता विचार करा, ही मांडणी कशासाठी? वातानाबेचा लढा सरळ क्रमाने दाखवला असता तर आपण त्याच्या बाजूने टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. तो दुसऱ्यांच्या आठवणींतून, तुकड्यातुकड्यांनी दाखवल्यामुळे आपल्याला त्या अधिकाऱ्यांच्या ओळीत बसावे लागते. एक चांगला माणूस आपल्याच टेबलाशेजारी काम करीत होता आणि आपल्याला तो दिसला नाही, या जागी दिग्दर्शकाने आपल्याला आणून बसवले आहे. हृषीकेश मुखर्जी यांचा 'आनंद' (१९७१) आपल्या सर्वांचा आवडता आहे. त्यातही नायकाला कर्करोग आहे, आणि तो गेला आहे हे सुरुवातीलाच कळते. परंतु 'आनंद' आपल्याला नायकाच्या प्रेमात पाडतो आणि रडवतो. त्याचा मित्र डॉक्टर भास्कर हा आपल्यासारखाच सज्जन असतो. 'इकिरु' रडवतो, पण लगेच विचारतो, की तुम्ही यांपैकी कोण? मला दुसरी रीत अधिक मोलाची वाटते, जरी पहिली अधिक लोकप्रिय असली तरी.

बैठकीच्या शेवटी एक पोलीस शिपाई वातानाबेची सापडलेली टोपी घेऊन येतो. आदल्या रात्री बर्फ पडत असता त्याने बागेतल्या झोपाळ्यावर एका म्हाताऱ्याला गाणे म्हणताना पाहिले होते. दारुडा असेल म्हणून हटकले नाही, याची त्याला खंत आहे. मग ते दृश्य येते : लोखंडी पट्ट्यांच्या चौकटींतून दिसणारा झोपाळा, पडणारा बर्फ, आणि तेच जुने गाणे. पहिल्या वेळी ते अड्ड्यावर ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. आता त्याच शब्दांत समाधान ऐकू येते. गाणे बदललेले नाही. मधल्या तासाभरात दिग्दर्शकाने आपल्याला बदलले आहे.

दारूच्या नशेत सर्व अधिकारी रडतात आणि आपणही वातानाबेसारखे काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक तक्रार येते. वातानाबेच्या खुर्चीवर आता बसलेला ओनो ती बांधकाम विभागाकडे पाठवायला सांगतो. किमुरा नावाचा कारकून, जो बैठकीतही वातानाबेच्या बाजूने बोलला होता, ताडकन उठून उभा राहतो. सगळे त्याच्याकडे पाहतात. तो खाली बसतो, आणि समोरच्या कागदांच्या थप्पीआड त्याचा चेहरा हळूहळू दिसेनासा होतो. व्यवस्था एका चांगल्या माणसाच्या मरणाने सुधारते असे खोटे आश्वासन कुरोसावा देत नाहीत. बाग मात्र राहते. पुलावरून किमुरा खाली खेळणारी मुले पाहतो, त्यांच्या आया त्यांना जेवायला हाका मारीत असतात.

पाहणाऱ्यांसाठी थोडे

'इकिरु'ला त्या वर्षी जपानमधील 'किनेमा जुम्पो' या चित्रपटविषयक नियतकालिकाने सर्वोत्तम चित्रपट ठरवले. २०२२ साली काझुओ इशिगुरो यांच्या पटकथेवरून 'लिव्हिंग' हा त्याचा इंग्रजी अवतार आला. त्यात बिल नाय यांचे काम सुंदर आहे, पण आधी मूळ चित्रपट पाहावा. तो कृष्णधवल आहे, भाषा जपानी आहे आणि खाली इंग्रजी अक्षरे येतात. ज्यांना इंग्रजी भरभर वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी शेजारी बसून सांगावे. जुन्या मूकपटांच्या काळी हेइगो तेच तर करीत होता. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नये. वसतिगृहात किंवा समाजमंदिरात दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून पाहावा आणि मग बोलावे.

बोलताना एक प्रश्न जरूर घ्यावा. ज्या मुलीमुळे वातानाबेला मार्ग सापडला ती तोयो त्या बैठकीत कोठेच दिसत नाही. तिला बोलावले नाही, तिची कोणाला खरी माहितीही नाही. नातेवाईक तर तिच्याविषयी भलताच तर्क करतात. कुरोसावा यांना तिला दारातून आत आणणे अगदी सोपे होते, आणि एका वाक्यात तिने सर्वांचे डोळे उघडले असते. त्यांनी ते का केले नसावे?